'ब्लीड'ला गळती म्हणायचं का?

कानामात्रा: ऑर्केस्ट्रियनच्या, म्हणजे पियानो-बासऱ्या आपोआप वाजवणाऱ्या कपाटाएवढ्या यंत्राच्या, दुरुस्तीपुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. यंत्र भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीवर चालणारं. या गुंडाळीचं वेल्टे या जर्मन वाद्यकारांचं पेटंट 1883चं, त्याआधी खिळे ठोकलेले लाकडी रूळ असत. प्रत्येक सुराच्या नळीला 'ब्लीड' नावाचं मिलिमीटरहून बारीक भोक असतं. मी 'गळती' लिहिलं आणि पुढच्याच पानावर आलं, 'गळती शोधून बंद करा'. वाचणारा नेमकं हेच भोक बुजवणार. शब्द सुचवा.

पेटीदुरुस्त: बुजवलं तर सूर वाजतच राहील. कागद ज्या पट्टीवरून सरकतो तिला प्रत्येक नळीचं एक भोक असतं. कागदातलं भोक त्या भोकासमोर आलं की बाहेरची हवा नळीत शिरते, चामड्याची चकती फुगते, वरची झडप उचलली जाते, छोट्या भात्यातली हवा ओढली जाऊन तो मिटतो आणि हातोडी तारेवर पडते. कागद पुढे सरकला की नळीत कोंडलेली हवा ब्लीडवाटे जाते, तेव्हा कुठे चकती बसते. भोक गरजेपेक्षा मोठं झालं तर चकती फुगतच नाही, सूर मुका. 'निचरा' म्हणा.

शुद्धमती: निचरा पाण्याचा होतो. 'निर्वातक रंध्र' लिहा.

पेटीदुरुस्त: निर्वात आहे कुठे? पियानोच्या भागात ओढ, म्हणजे हवा खेचून घेण्याचा जोर, साधारण 10 ते 25 इंच उंच पाण्याच्या स्तंभाइतकी. खऱ्या निर्वाताला 400च्या वर जावं लागेल. शिवाय त्याच कपाटातल्या बासऱ्यांना उलट दाब लागतो. 'ओढ' आणि 'दाब' लिहिलंत तर कारागीर चुकीचा भाता उघडणार नाही.

खोडसाळ: आपला 'वेज' आहे की! कानाला पाडतात तो.

तळटीप: छापून आल्यावर लोक विचारतील, नॉनव्हेज कुठल्या पानावर?

शुद्धमती: 'वेज' चालेल, 'वेध'च्याच कुळातला. तसा 'भाता'ही 'भस्त्रा'वरून आलाय. भस्त्रिका प्राणायाम त्याच घरचा.

खोडसाळ: मग भात्यातल्या बाणांचं काय?

शुद्धमती: दोन्ही पिशव्याच. चामड्याच्या.

कानामात्रा: बाण राहू द्या. सूर आपोआप वाजत राहतो, त्याला काय म्हणू? 'सूर लागून राहतो' लिहिलं तर कौतुक वाटतं.

पेटीदुरुस्त: 'सूर अडकला'. आणि तपासणीचा क्रम नीट उतरवा. पट्टीवरच्या त्या भोकावर चिकटपट्टी लावा. सूर थांबला तर दोष कागदाचा. नाही थांबला तर झडपेकडचं नळीचं टोक काढून तिथल्या तोंडावर बोट ठेवा. आता थांबला तर नळी फुटलीय. तरीही वाजतोय तर ब्लीड तुंबलंय किंवा झडपेखाली कचरा आहे. तूस कागदाचंच असतं, ओढीबरोबर आत जातं. चामडं बदलताना गरम सरसच वापरा. पांढरा गोंद लाकडात मुरतो, पुढच्या वेळी जोड उघडताना फळीच फाटते.

तळटीप: हुपफेल्ड या जर्मन कंपनीच्या व्हायोलिन वाजवणाऱ्या यंत्रात 'बो'ला काय म्हणणार? तीन व्हायोलिनं उभी, प्रत्येकाची एकच तार वाजती. भोवती घोड्याच्या केसांचं कडं फिरतं आणि व्हायोलिन पुढे झुकून त्याला टेकतं.

शुद्धमती: 'गज'.

खोडसाळ: गज सरळ असतो हो. हे तर रहाटाचं कडं.

शुद्धमती: काम गजाचं करतंय ना?

कानामात्रा: पुस्तिकेत व्हायोलिन नाहीच. मला ब्लीडचं सांगा.

खोडसाळ: 'गजकडं'?