काळ्या गावठी कुत्र्याचा फोटो: त्याचा स्वभाव दिसेल असा कसा काढायचा?

जागलीवरून
नमस्कार मंडळी. घरचा काळा गावठी कुत्रा आहे, चार वर्षांचा, शेतात राखणीला. कॅमेरा कॅनन १५००डी, लेन्स दोन: जवळची १८-५५ आणि लांबची ५५-२५० मिमी. अडचणी दोन. कॅमेरा डोळ्याला लावला की तो कान मागे पाडतो, नाक चाटतो, तोंड फिरवतो. आणि फुटलेल्या कपाशीत फोटो घेतला की कुत्रा नुसता काळा डाग दिसतो. धुऱ्यावर उभा राहून रानडुकराचा कानोसा घेतो तेव्हाचा रुबाब फोटोत पाहिजे. काय करावं?

पांदणवाट
भाऊ, कान मागे, नाक चाटणं, तोंड फिरवणं ही कंटाळ्याची नाही, अस्वस्थतेची लक्षणं आहेत. झोप आलेली नसताना जांभई देणं आणि डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं हीसुद्धा त्यातलीच. कुत्र्यांमध्ये एकटक रोखून पाहणं म्हणजे दटावणी, आणि आपण नेमकं तेच करतो: समोर उभे राहतो, वाकतो आणि भिंग रोखतो.

तीन-चार दिवस फोटोच काढू नका. बंद कॅमेरा गळ्यात ठेवून शेतात फिरा. मग कॅमेरा वर उचलायचा आणि लगेच हरभऱ्याएवढा भाकरीचा तुकडा जमिनीवर टाकायचा. त्यानं कान पाडणं सोडलं की शटरचा आवाज ऐकवा, पुन्हा तुकडा. तुकडा हातात धरून दाखवू नका, चेहऱ्यावर आशाळभूतपणा येतो आणि राखणदार हरवतो. कांदा लागलेलं उष्टं मात्र देऊ नका, कांदा कुत्र्याला बाधतो.

पुढचं काम जागेचं. राखणीच्या कुत्र्याच्या उभं राहायच्या जागा ठरलेल्या असतात. धुऱ्यावरची ती जागा हेरा, त्याच्या आधी तिथं पोहोचा, आठ-दहा मीटरवर त्याच्याकडे खांदा करून खाली बसा. ५५-२५० लावा. लेन्स त्याच्या छातीच्या उंचीवर ठेवा, म्हणजे मागे आभाळ येतं आणि तो उंच दिसतो. उभ्यानं काढला तर पाठ मोठी, पाय आखूड. हाक मारू नका, हाक मारली की तो राखण सोडून तुमच्याकडे येईल.

काळी_माती
काळ्या डागाचं कारण सांगतो. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरतं. चौकटीत बराचसा पांढरा कापूस किंवा उजळ आभाळ असलं की ते चित्र अंधारं करतं आणि कुत्र्याचे केस बुडतात. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरनं ठरवलेला उजेड हातानं कमी-जास्त करणं, +०.७ ते +१ करा. तुमच्या कॅमेऱ्यावर एव्ही मोडमध्ये (लेन्सचं छिद्र आपण ठरवतो तो) मागचं एव्ही +/- बटण दाबून धरायचं आणि वरची चकती फिरवायची. उलट, चेहऱ्यानंच चौकट भरली असेल तर मीटर काळ्याला करडं करू पाहतं, तिथं -०.७ लागतं. आकडा पाठ करू नका, हिस्टोग्राम (फोटोतल्या अंधार-उजेडाचा आलेख, डावीकडे अंधार) पाहा: डावीकडचा ढीग भिंतीला चिकटून उभा असेल तर केसांचा तपशील गेला.

एक अडचण राहते. +१ केलं की उन्हातली बोंडं पांढरीफटक होतात. म्हणून कपाशीतल्या तुरीच्या तासाकडे सरका. नोव्हेंबरात तूर उंच आणि हिरवी असते, तिच्यापुढे काळा कुत्रा सुटून दिसतो आणि मीटरही फारसं फसत नाही. पांदणवाट म्हणतात तसं मागे आभाळ घेतलं तर कॉम्पेन्सेशन वाढवणं आलंच, नाहीतर फक्त सावली मिळेल. ती हवी असेल तर गोष्ट वेगळी, कान ताठ असतील तर सावलीही बोलते.

ऊन बाजूनं घ्या. काळ्या केसांचा आकार त्यांच्यावरच्या चमकेनं कळतो, आणि ती तिरप्या उन्हातच मिळते. हिवाळ्यात सकाळी साडेसात ते नऊ, उन्हाळ्यात साडेसातच्या आत आटपा. त्यानंतर कुत्रं धापा टाकतं, डोळे बारीक होतात, जीभ लोंबते, स्वभाव काही दिसत नाही. आधी ओल्या फडक्यानं डोळ्यांची चिपडं आणि तोंडावरची माती पुसा. धूळ बसलेला काळा रंग फोटोत राखाडी येतो.

जागलीवरून
खूप उपयोगी. धावतानाचा कसा घ्यायचा? आणि फक्त मोबाइल जवळ असला तर?

पांदणवाट
धावताना टीव्ही मोड (शटरचा वेग आपण ठरवतो तो), वेग १/१००० सेकंद, ऑटो आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता कॅमेऱ्यावर सोडायची, फोकस एआय सर्व्होवर (हलत्या गोष्टीचा पाठलाग करणारा), फोकसचा मधलाच बिंदू. हा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो घेतो, म्हणून नुसतं बटण दाबून धरल्यानं हवा तो क्षण सापडेलच असं नाही. तो येईल त्या पांदणीवर आधीच फोकस करून ठेवा. आडवा पळणारा कुत्रा धरणं सोपं, सरळ अंगावर येणारा अवघड.

जवळून चेहरा घेताना लेन्सचं छिद्र एफ/५.६ ते एफ/८ ठेवा, आकडा मोठा तितकं छिद्र लहान. गावठी कुत्र्याचं थोबाड लांब असतं, छिद्र जास्त उघडलं की नाक स्पष्ट आणि डोळे धूसर येतात. फोकस जवळच्या डोळ्यावर. कान टवकारायला आवाज करायचा तर आधी फोकस, मग आवाज: जिभेची टिचकी किंवा वाळलेलं तुरीचं खोड मोडल्याचा. पहिल्या दोन-तीन वेळांतच खरी प्रतिक्रिया मिळते, मग तो ओळखून घेतो आणि वळूनही पाहत नाही.

वाडीवरची
मोबाइलचं मी सांगते, दादा. रुंद लेन्सनं अगदी जवळून काढू नका, नाक भोपळ्याएवढं येतं. दोन मीटर मागे या आणि २एक्स लावा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो कानांच्या कडा आणि मिशा खातो. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस-उजेड लॉक करा, मग बोट वर-खाली सरकवून उजेड ठरवा. फ्लॅश नको, डोळे हिरवे चमकतात.

दुसऱ्यांच्या कुत्र्यांचे काढणार असाल तर धन्याला विचारल्याशिवाय जवळ जाऊ नका. हिवाळ्यात पिल्लं घातलेली कुत्री असली तर लांबूनच. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद-मिरची भरू नका.