तोफेची पितळी पुंगळी काळी पडलीय, साफ कशी करू?

माहीमची_मीरा: आजोबा तोफखान्यात होते. त्यांनी आणलेली रिकामी पुंगळी, फूटभर उंच. आम्ही मोरपिसं ठेवतो. समुद्राच्या हवेने काळीकुट्ट झालीय, तळाशी हिरवे डाग. रविवारी सत्यनारायण आहे. बजेट ३०० रुपये.

लालबागचा_बाळ्या: चिंच आणि मीठ. विषय संपला.

पार्लेकर६७: पितांबरी. आमच्या समया बघून शेजारीण विचारते, नव्या घेतल्या का? फोटो टाकू?

जुनाबाजार: घासू नका हो! चोरबाजारात मी अशीच जोडी साडेचार हजारांना घेतली. चकचकीत असती तर हातही लावला नसता.

माहीमची_मीरा: विकायची नाहीये. आणि बजेट ३०० आहे.

धातूवाला_डोंबिवली: आधी तळ बघा. मधोमध गोल प्रायमर, म्हणजे बार पेटवणारी टोपी असते, तिच्यावर टोचा पडलाय का? नसेल तर ती उडालेली नसेल, घासाघास नको, सरळ पोलिसांना कळवा.
दुसरं, अमोनियावालं पॉलिश लावू नका. ब्रिटिशांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि पुंगळी घडवताना पितळेत राहून गेलेला ताण. कारण १९२१ साली उलगडलं. बेताने तापवून ताण काढता येतो, पण ते कारखान्याचं काम. तुम्ही गॅसवर धरू नका.
चिंच चालेल, पण पाचच मिनिटं, मग लगेच धुऊन कोरडी करा. काडतुसाच्या पितळेत साधारण ३० टक्के जस्त असतं. आंबट फार वेळ राहिलं की जस्त निघून जातं आणि तांबूस चट्टे उरतात.

लालबागचा_बाळ्या: आमच्या आजीने घंगाळ रात्रभर चिंचेत ठेवलेलं. काही झालं नाही.

पार्लेकर६७: झालं असेल, तिला दिसलं नसेल.

लालबागचा_बाळ्या: आजीवर जायचं काम नाही.

गोरेगावची_काकू: हल्ली कल्हईवाला कुठे मिळतो?

धातूवाला_डोंबिवली: काकू, कल्हई आतून करतात, आंबट कळकू नये म्हणून. यात आमटी ठेवायचीय का?

गोरेगावची_काकू: मला माझ्या पातेल्याला हवाय.

पार्लेकर६७: परत सांगतो, पितांबरी.

माहीमची_मीरा: आभार सगळ्यांचे. टोचा आहे, चांगला खोल. पण घासत बसायला वेळ कुणाला आहे? बफिंगवाल्याकडे देऊन आले. ६५० म्हणाला. तळावरचे आकडे सोडून बाकी चकाचक कर म्हटलंय.

जुनाबाजार: अरेरे.

गोरेगावची_काकू: त्याला कल्हईवाला माहितीय का विचार ना, बाळा.