जिन्याखालची निळी सायकल

ए-३०४ : सर्व सभासदांना नमस्कार. ए विंगच्या जिन्याखाली ठेवलेली आमची निळी, २० इंची सायकल रविवारपासून जागेवर नाही. मागच्या मडगार्डवर वाघाचे चित्र चिकटवलेले आहे. ज्यांनी ती उचलली असेल त्यांनी आज रात्रीपर्यंत जागेवर आणून ठेवावी, ही नम्र विनंती.

सी-२०१ : आपले चिरंजीव आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत ना? त्या सायकलीवर बसले तर गुडघे हनुवटीला लागतील.

ए-३०४ : हा विनोदाचा विषय नाही. आमची निळी, २० इंची सायकल रविवारपासून जागेवर नाही. मागच्या मडगार्डवर वाघाचे चित्र आहे.

सचिव : साहेब, तीन आठवडे सूचना फलकावर होती आणि ग्रुपवरही दोनदा टाकली होती. ज्या सायकलीवर फ्लॅटचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी नसेल ती दुरुस्त करून शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या मुलांना द्यावी, असा सभेचा ठराव आहे. त्या सभेला आपण उपस्थित होतात. निदान चहा होईपर्यंत तरी होतात.

बी-५०२ : सायकल चोरीला गेलेली नाही, माझ्याकडे आहे. पार्किंगमध्ये ३१ बेवारस सायकली निघाल्या. त्यांतील १२ म्हणजे नुसते सांगाडे होते, म्हणून त्यांचे सुटे भाग काढून उरलेल्या १९ उभ्या केल्या. वर्षानुवर्षे हवेविना पडून राहिलेल्या सायकलीचे टायर चिरतात, ट्यूब रिमला चिकटते, ब्रेकचे रबर दगडासारखे होते आणि चेन गंजून आखडते. तशीच सायकल पोराच्या हाती देणे म्हणजे आपले भंगार त्याच्या दारात नेऊन टाकणे, हे मी सभेतही बोलले होते. म्हणून आधी दुरुस्ती, मग मुलाच्या उंचीप्रमाणे निवड, मग शिकवणी आणि सर्वांत शेवटी सायकल, असा क्रम ठेवला आहे.

खजिनदार : दुरुस्तीला आजवर ११,४०० रुपये लागले असून ते सर्व ऐच्छिक वर्गणीतून आले आहेत. देणाऱ्यांची यादी फलकावर आहे. त्या यादीत ३०४ नाही, एवढे केवळ माहितीसाठी नमूद करतो.

सी-६०३ : हेतू चांगला आहे, परंतु शाळकरी मुलींना सरकार सायकली देतेच. मग आपण हा खटाटोप कशासाठी करायचा?

बी-५०२ : मानव विकास कार्यक्रमातील ती योजना राज्यातल्या निवडक १२५ तालुक्यांसाठी आहे आणि तीही आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना. आपल्याकडे येणारी मुले तिसरी-चौथीतली आहेत आणि त्यांत मुलगे निम्मे आहेत.

सी-६०३ : बांधकाम संपले की ही कुटुंबे दुसरीकडे जाणार. शिवाय दांड्याच्या सायकली मुलींच्या काय कामाच्या?

बी-५०२ : सामानाच्या टेम्पोवर सायकल चढते. चढवायची नसेल तर ती पुढच्या मुलासाठी आपल्याकडे परत द्यावी, असे पालकांशी ठरले आहे. दांड्याचे म्हणाल, तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात, शीला राणी चुंकत जिल्हाधिकारी असताना, साक्षरता मोहिमेतच सायकल शिकवणे घेतले गेले आणि हजारो खेडूत बायका शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी दांड्याच्या चालवल्या. पुढे मूल बसवायला तो दांडा सोयीचाच पडला.

बी-१०४ : माझा दानाला विरोध नाही, मात्र रविवारी सकाळी बाहेरची मुले आतल्या रस्त्यावर येतात, याला परवानगी कोणी दिली? माझ्या गाडीच्या दारावर ओरखडा उठला आहे.

सी-२०१ : तो ओरखडा गेल्या दिवाळीपासून आहे. तेव्हा आपण आमच्या स्कूटरवर आळ घेतला होता.

बी-१०४ : तो ओरखडा वेगळा होता.

ए-३०४ : मूळ मुद्दा बाजूला पडत आहे. आमची निळी, २० इंची सायकल रविवारपासून जागेवर नाही. काकू, आपल्याविषयी आदर आहे, पण विचारून न्यायला हवी होती.

बी-५०२ : विचारायला दोनदा आले होते, दार उघडले गेले नाही, तरीही चूक माझी समजा. आता ती काय करते आहे तेही ऐका. तिची पायडल काढली आहेत आणि सीट इतकी खाली घेतली आहे की मुलाचे दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. क्लब हाउसच्या बारीक उतारावर मुले आधी पायांनी रेटत, मग पाय उचलून घरंगळत जातात. मागे सीट धरून धावणारा कोणी लागत नाही आणि आधाराची छोटी चाकेही लागत नाहीत, कारण त्या चाकांवर पायडल मारणे जमते, तोल सावरणे जमत नाही. तोल आला की पायडल पुन्हा लावलेल्या दुसऱ्या सायकलीवर बसवते. आजवर नऊ मुले त्या एकाच सायकलवर तयार झाली. एक मुलगी तर चाळीस मिनिटांत शिकली आणि मग थांबायचे कसे ते माहीत नसल्यामुळे थेट तुळशीच्या कुंडीत गेली. त्या दिवसापासून पहिला धडा ब्रेकचा असतो.

सचिव : कुंडी सोसायटीची होती, तरी तो विषय आपण इथे काढू नये.

बी-५०२ : सायकल उद्या सकाळी पायडल लावून जिन्याखाली ठेवते. पाच मुले अजून शिकायची आहेत, त्यांच्यासाठी दुसरी पाहावी लागेल.

सी-२०१ : ३०४, आपण वाचत आहात, हे दोन निळ्या खुणांवरून दिसते.

ए-३०४ : सर्व सभासदांना नमस्कार. आमची निळी, २० इंची सायकल बी-५०२ च्या काकूंकडे आहे. तिचा डावा ब्रेक पहिल्यापासून सैल आहे, तो आधी आवळून घ्यावा. मागच्या मडगार्डवर वाघाचे चित्र आहे, ते कोणी खरवडू नये.