कॉम्प्रेशनचा एकच आकडा पाहून इंजिन उतरवू नका

सिडकोकर:
काल इथे कोणीतरी ठामपणे लिहिले की, जुन्या पेट्रोल गाडीचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, १२० पीएसआयच्या (दाबाचे एकक) खाली गेले म्हणजे पिस्टनच्या रिंगा संपल्या, इंजिन उतरवावे. हे वाचून गप्प बसवले नाही, कारण याच सल्ल्यावर माझी १९९६ ची मारुती ८०० बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर कोरून घ्यायला, निघाली होती. एका गॅरेजात तीन सिलिंडरांचे आकडे आले १२८, १२५ आणि ९२. मात्र तेव्हा इंजिन थंड होते, एका वेळी एकच प्लग काढला होता आणि अ‍ॅक्सिलरेटर कोणी दाबलाच नव्हता. घरी बॅटरी चार्ज करून, इंजिन तापवून, इग्निशनची ठिणगी बंद करून, तिन्ही प्लग काढून आणि पेडल तळापर्यंत दाबून सेल्फ मारला, तेव्हा १५२, १५०, ११६ आले. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडले, तरी गेजचा काटा ११९ वरच थांबला. रिंगा झिजलेल्या असत्या तर तो चांगलाच वर चढला असता. कव्हर उघडले, तर त्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह दाबणारा भाग; त्यात थोडी फट लागते) फट मोजायच्या फीलर गेजचे सर्वांत पातळ पातेही शिरत नव्हते. टॅपेट सेट केल्यावर १४६ आले.

सातपूरचा मेस्त्री:
मोजणी बरोबर, निष्कर्ष अर्धवट. टॅपेट आवळलेला असताना गाडी किती महिने चालली? तेवढा काळ व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, पूर्ण टेकत नव्हता, म्हणजे त्याची उष्णता हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या भागात) उतरत नव्हती. असाच एक गाडीमालक टॅपेट सेट करून समाधानाने घरी गेला आणि पुढे कसारा घाटात व्हॉल्व्ह जळून अडकला; त्याच्या घरच्यांनी शिव्या मला दिल्या. शिवाय चांगला आकडाही फसवतो. ऑइल पिणाऱ्या इंजिनात तेच ऑइल रिंगांना सील करते आणि काटा वर दाखवते. पिस्टनवर कार्बन साचला तरी तेच होते. गेज विकत घेतले म्हणून कोणी मेस्त्री होत नाही.

गंगापूर रोड:
या वादात नाशिकची उंची कोणीच लक्षात घेत नाही. माझ्या मावसभावाची पद्मिनी गाडी मुंबईत चारही सिलिंडरांत १५० च्या आसपास दाखवत होती. इथे आणल्यावर १४० दाखवू लागली आणि घाटात इंजिन बसले असे समजून तो रात्रभर झोपला नाही.

सातपूरचा मेस्त्री:
उंचीने १० पीएसआय जातात, हे मला पटत नाही. गेज बदलले असेल.

सिडकोकर:
जातात. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहोत आणि इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळपास ७ टक्के कमी असतो. सिलिंडरमध्ये मुळात जी हवा शिरते तीच विरळ असेल, तर दाबल्यावर आकडाही त्याच प्रमाणात उतरणार. १५० चे १४० होणे हा अगदी सरळ हिशेब आहे.

सातपूरचा मेस्त्री:
हिशेब मान्य करतो, पण मोठेपणा नको. गेजच्या नळीतला व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाला नसून मीटरच्या टोकाला असेल, तर नळीतली जागाही सिलिंडरमध्ये धरली जाते आणि आकडा आणखी पडतो. स्वस्त गेजांत हा दोष मी स्वतः पाहिला आहे. त्या पद्मिनीला दोन्हीकडे एकच गेज लावले होते का?

गंगापूर रोड:
एकच होते, माझ्याच डिकीतले. दरवेळी माझ्यावर संशय घेण्याचे कारण काय?

पंचवटीकर:
उंचीवरून इतके भांडलात, पण एकाच गाडीतली तीनही सिलिंडरे एकाच उंचीवर असतात. १५२ आणि ११६ मधला फरक नाशिकमुळे पडलेला नाही. सिलिंडरांमधला फरक पाहा आणि सेल्फ मारताना पिस्टनच्या पहिल्या दाबाला काटा कुठे जातो तेही पाहा. पहिल्याला कमी येऊन पुढे टप्प्याटप्प्याने चढला तर रिंगांचा संशय घ्यावा. सुरुवातीला कमी येऊन पुढेही फारसा चढला नाही तर व्हॉल्व्हचा. शेजारशेजारची दोन एकदम पडली तर आधी हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचे पॅकिंग, तपासावे.

सातपूरचा मेस्त्री:
हे मात्र योग्य लिहिलेत. सिडकोकर, इंजिन उतरवू नका हे तुमचे म्हणणे मी स्वीकारतो. गाडी बरी झाली हे नाही. तिसरा पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना आणून, गाडी गिअरमध्ये ठेवून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि सायलेन्सरला कान लावा. तिथे फुसफुस ऐकू आली तर हेड उतरवून व्हॉल्व्ह पाहावाच लागेल.

सिडकोकर:
रविवारी करतो. तिसऱ्याचे १४६ अजूनही इतर दोघांपेक्षा कमी आहेत, ही गोष्ट मलाही खटकते आहे.