चर्चा: टर्बो गाडीचा बूस्ट आर्डुइनोच्या हवाली करावा काय?

पारसिकपलीकडचा:
काल येथे ‘अडीच हजारांत बूस्ट कंट्रोलर’ या मथळ्याचे लेखन आले (बूस्ट म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा जादा दाब). लेखक नेरुळचे आहेत, गाडी १.४ लिटरची जुनी लिनिया टी-जेट आहे, आणि आर्डुइनो उनो (कोडवर चालणारा छोटा बोर्ड), एक मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), लॅमिंग्टन रोडवरून आणलेला प्रेशर सेन्सर व तीन तोंडांचा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारी झडप) एवढ्या सामानावर त्यांनी बूस्ट वाढवून दाखवला आहे. तयार कंट्रोलरला पैसे मोजणारे मूर्ख असतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. खाली कौतुकाची रीघ लागली असून दोघांनी कोडही मागितला आहे, म्हणून सविस्तर लिहिणे भाग पडले.

त्यांच्या कोडमध्ये सोलेनॉइडला थेट ॲनालॉगराइट, म्हणजे चालू-बंद स्पंद पाठवणारी आर्डुइनोची तयार आज्ञा, दिले आहे. उनोच्या बहुतेक पिनांवर त्याची वारंवारता ४९० हर्ट्झच्या आसपास असते, तर या कामाच्या झडपा साधारण २० ते ४० हर्ट्झवर चालवतात. ४९० ला आतला प्लंजर प्रत्येक स्पंदाबरोबर हलूच शकत नाही, त्यामुळे ड्यूटी (स्पंदातला चालू वेळेचा वाटा) हळूहळू वाढवत नेली तरी झडप काही काळ ढिम्म राहते आणि मग एकदम उघडते. बूस्टच्या आलेखातला जो दाता (अचानक उडी) त्यांनी हसण्यावारी नेला आहे, तो माझ्या मते हाच आहे.

पीआयडीमधील (लक्ष्यापासूनच्या फरकावरून ड्यूटी ठरवणाऱ्या सूत्रातील) इंटिग्रलला, म्हणजे साठत जाणाऱ्या फरकाच्या बेरजेला, मर्यादा नाही, हा दुसरा दोष. कापूरबावडीच्या कोंडीत गाडी रखडली की लक्ष्य आणि प्रत्यक्ष बूस्ट यांतला फरक तो साठवत बसतो, आणि पुढे रस्ता मोकळा मिळून पाय दाबताच थकलेली उधारी व्याजासकट वसूल करतो. या सर्वांहून गंभीर गोष्ट ही की बूस्ट हाताबाहेर गेला तर काय करायचे, याबद्दल त्या कोडमध्ये एक ओळही नाही.

टीजेट_नेरुळ:
आपण कोड वाचलात याबद्दल आभार. आकृती मात्र पाहिलेली दिसत नाही. सोलेनॉइडची वीज तुटली की टर्बोचा दाब सरळ ॲक्च्युएटरकडे (वेस्टगेट हलवणाऱ्या डबीकडे) जातो, वेस्टगेट (धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) उघडते आणि बूस्ट स्प्रिंगच्या मूळ दाबावर येऊन थांबतो. बोर्ड बंद पडो, तार तुटो, फ्यूज उडो, गाडी कारखान्यातून आली तशी चालते. ही सुरक्षितता नळ्यांच्या जोडणीतच आहे, तिला कोडची ओळ लागत नाही. वारंवारतेचा मुद्दा मान्य करतो, कारण तो टायमरच्या दोन ओळी बदलून सुटतो. परंतु रबाळ्याच्या वातानुकूलित कक्षात बसून दुसऱ्याच्या कामात दाते मोजणे सोपे आहे. स्वतः काही बनवले असेल तर तेही येथे टाकावे.

पारसिकपलीकडचा:
रबाळ्यात मी प्रेशर लूपच (दाब आपोआप राखणाऱ्या यंत्रणाच) लावतो, आणि कक्षात पंखा आहे. मुद्द्याचे उत्तर हे की आपण गृहीत धरलेला बिघाड सौम्य आहे. मॉस्फेट जातो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जातो. तसे झाले तर सोलेनॉइड कायमचा चालू राहील, ॲक्च्युएटरला दाब मिळणार नाही, वेस्टगेट मिटलेलेच राहील आणि बूस्ट टर्बोला झेपेल तेवढा चढेल. आर्डुइनो तेव्हा इमानेइतबारे शून्य ड्यूटी लिहीत असेल. गाडीच्या १२ व्होल्टच्या वायरिंगवर अल्टरनेटरचे लोड डंप (व्होल्टेजचे झटके) येतात, त्यासाठी झटका शोषणारा एक टीव्हीएस डायोडही आपल्या आकृतीत नाही. ती मी पाहिली, दोनदा.

वागळेचा_गॅरेजवाला:
मी सव्वीस वर्षे वागळे इस्टेटमध्ये गॅरेज चालवतो, मला कोडमधले काही कळत नाही, पण तुमचे मॉस्फेट जळण्याआधी नळी सुटते हे मी सांगू शकतो. असाच कंट्रोलर लावलेली एक गाडी गायमुखाहून टो करून माझ्याकडे आली होती. तिची सिलिकॉनची बारीक नळी क्लिपशिवाय नुसती कोंबलेली होती. बोनेटखालच्या उष्णतेने ती सैल पडली आणि ॲक्च्युएटरच्या नाकावरून निसटली, मग वेस्टगेट उघडेना आणि बूस्ट चढतच गेला. मालक म्हणाले, ‘अहो, त्या दिवशी काय पिकअप होता!’ हेड उतरवले तेव्हा तिसऱ्या पिस्टनवरची रिंग बसण्याची कड तुटून सिलिंडरच्या भिंतीवर उभे चरे पडलेले होते. त्या पिकअपचे बिल पाहिल्यावर त्यांनी गाडी विकली.

आणि पेट्रोलबद्दल कोणी काहीच का बोलत नाही? ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) आल्यापासून टर्बो गाड्या सर्रास ठोकू लागल्या आहेत, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिन ठकठकते. अशा इंधनावर बूस्ट वाढवणे म्हणजे जाणूनबुजून विहिरीत उडी आहे.

ऐरोलीची_रसायनवाली:
पिस्टनची हकिकत पटली, पेट्रोलचे निदान पटले नाही. इथेनॉलने ऑक्टेन, म्हणजे इंधनाचा ठोकण्याला होणारा विरोध, वाढतो. आपल्याकडील पूर्वीच्या साध्या पेट्रोलच्या ९१ च्या तुलनेत ई२० चा ऑक्टेन ९५ धरला जातो. शिवाय इथेनॉलचे बाष्पीभवन होताना ते आत येणाऱ्या हवेतून जास्त उष्णता खेचते. दोन्ही गोष्टी ठोकण्याच्या विरुद्ध जातात.

वागळेचा_गॅरेजवाला:
ताई, तुमचे कागद बरोबर असतील, पण माझ्या कानांना ठोकणे ऐकू येते. गिऱ्हाईक ॲव्हरेज पडल्याची तक्रार करते तेही खोटेच समजायचे का?

ऐरोलीची_रसायनवाली:
दादा, ॲव्हरेज पडते हे खरेच आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ई२० मध्ये सहा-सात टक्के घट हिशेबानेच येते. तुमचे कान ऐकतात त्याचे कारणही असू शकते, फक्त ते ऑक्टेनमध्ये नाही. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९, आणि ई२० ला साधारण साडेतेरा. शुद्ध पेट्रोल धरून बेतलेल्या जुन्या ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) नेहमीइतकेच इंधन सोडले तर मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. सावकाश चालताना ऑक्सिजन सेन्सर ते भरून काढतो. पूर्ण पाय दाबल्यावर मात्र अनेक गाड्या त्या सेन्सरचे ऐकत नाहीत, आणि शिकलेली दुरुस्ती तेथवर पोहोचत नसेल तर बूस्टमध्ये, नेमक्या नको त्या वेळी, मिश्रण पातळ राहते आणि इंजिन ठोकू शकते.

वागळेचा_गॅरेजवाला:
म्हणजे शेवटी इंजिन ई२० मुळेच गेले ना! मग मी वेगळे काय म्हणत होतो?

ऐरोलीची_रसायनवाली:
आपण ऑक्टेनला दोष देत होता; मी इंधनाच्या मापाबद्दल बोलत आहे. आणि आपल्याच हकिकतीत इंजिन सुटलेल्या नळीमुळे गेले, हे कृपया विसरू नये.

खारघर_डीएसजी:
या सर्वज्ञ मंडळींत एक प्रश्न विचारतो. माझ्याकडे पोलो जीटी आहे, १.२ टीएसआय. हाच संच तिला चालेल काय? पेट्रोल मी नेहमी १०० ऑक्टेनचे भरतो.

पारसिकपलीकडचा:
नाही. त्या इंजिनाचे वेस्टगेट दाबाच्या नळीवर नव्हे, विजेच्या मोटरवर हलते. सोलेनॉइड जोडायला जागाच नाही. शिवाय त्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (स्वयंचलित गिअरबॉक्सची) टॉर्क पेलण्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे, ती बूस्ट वाढवण्याच्या उत्साहात कोणी पाहत नाही. महाग पेट्रोल भरल्याने मोटरची नळी होत नाही.

नियमाप्रमाणे_ठाणे:
मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये अनधिकृत फेरफाराला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे. विमा कंपनी दावा नाकारील तो वेगळाच. पाम बीच रोडवर रात्री ‘चाचण्या’ घेणाऱ्यांनी हेही कोडमध्ये लिहून ठेवावे.

टीजेट_नेरुळ:
मी पाम बीच रोडचे नावही घेतलेले नाही. प्रत्येक धाग्यात येऊन कलम फेकण्याची आपली सवय जुनी आहे. माझे लॉगिंग (बूस्टच्या नोंदी घेणे) दिवसा आणि वेगमर्यादेत, दुसऱ्या गिअरमध्ये झाले आहे.

पारसिकपलीकडच्या विद्वानांसाठी: शॉर्ट झालेल्या मॉस्फेटचा आपला बागुलबुवा मी रात्री टेबलावर करून पाहिला. ड्रेन आणि सोर्स तारेने जोडले, सोलेनॉइड चालूच राहिला, कोडने काही केले नाही. तेव्हा अभिनंदन. आता सोलेनॉइडच्या वीजपुरवठ्यात एक स्वतंत्र प्रेशर स्विच मालिकेत घालत आहे. ठरलेल्या दाबाच्या वर तो वीज तोडील, आर्डुइनोला काहीही वाटो. टीव्हीएसही लावतो. इंटिग्रल थ्रॉटल सुटताच शून्यावर येईल. तरीही हे सारे साडेतीन हजारांत बसते, आणि तयार डबा विकत घेणाऱ्याला त्याच्या आत टीव्हीएस आहे की नाही हे कधीही कळत नाही, हे माझे म्हणणे कायम आहे.

पारसिकपलीकडचा:
शेवटचे वाक्य खरे आहे, ते मला आवडले नाही तरी. पण स्विच शॉर्ट मॉस्फेटपासून वाचवील, सुटलेल्या नळीपासून नाही. ॲक्च्युएटरला दाब नेणारीच नळी नसेल तर सोलेनॉइडची वीज तोडून काय होणार? तेथे इंधनच तोडावे लागते. आपल्या ईसीयूचा ओव्हरबूस्ट कट (बूस्ट अति झाल्यास इंधन तोडण्याची सोय) कोणत्या दाबाला लागतो हे मोजले आहे काय? आणि सेन्सर २५० किलोपास्कलपर्यंतचा निरपेक्ष दाबाचा आहे, त्यातले सुमारे १०० वातावरणाचेच असतात. त्याच्या पट्टीबाहेर गेलेला बूस्ट आपल्या लॉगमध्ये दिसणारही नाही.

टीजेट_नेरुळ:
कट मोजलेला नाही. तो मोजेपर्यंत कोड मागणाऱ्या दोघांना कोड देत नाही, झाले समाधान? सर्व नळ्यांना आज क्लिपा लावल्या.

वागळेचा_गॅरेजवाला:
कसल्या क्लिपा? प्लास्टिकच्या पट्ट्या असतील तर उन्हाळ्यात मला फोन करा.

टीजेट_नेरुळ:
स्टीलच्या, स्प्रिंगवाल्या. आणि ई२० साठी कृपया वेगळा धागा काढावा.