मदत हवी आहे: लॉग ढीगभर आहेत, पण एका पट्टीचा माग लागत नाही

मांजराकाठ, लातूर

मंडळी, आमच्या ऑफिसात आडत दुकानांसाठीचं सॉफ्टवेअर बनतं आणि आम्हीच ते चालवतो. सौदा निघाला की दुपारी सगळ्या दुकानांतले मुनीम एकदमच पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचे मालाच्या हिशोबाचे कागद) करायला बसतात. कट्टे, वजन, भाव, हमाली-तोलाई वजा जाऊन उरलेली रक्कम, आणि शेवटी शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज. सोयाबीनची आवक वाढली की नेमकं याच वेळी अ‍ॅप अडकतं. सेव्ह दाबल्यावर चक्र फिरत राहतं, अर्ध्या मिनिटाने एरर येते, मुनीम पुन्हा दाबतो, आणि कधीकधी एकाच मालाच्या दोन पट्ट्या होतात. काल एका दुकानातून फोन आला, "साहेब, पट्टी निघंना गेलीय बगा, माणसं टेम्पो थांबवून बसलीत." पट्टीशिवाय पैसे मिळत नाहीत आणि पैशाशिवाय माणूस गावाकडे निघत नाही, म्हणून घाई आहे.

पुढे येणारी प्रत्येक मागणी मागे पाठवणारा एनजिनएक्स, मागे जावातल्या स्प्रिंग बूटवर चालणाऱ्या अ‍ॅपचे दोन सर्व्हर, त्यामागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. लॉग, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या कामाच्या ज्या नोंदी फाईलीत लिहीत जातो त्या, सगळीकडे आहेत. मी एकेका सर्व्हरवर जाऊन ग्रेप (फाईलीत शब्द शोधणारी कमांड) मारतो. पण पट्टी कोणत्या सर्व्हरवर गेली ते आधी कळत नाही. अ‍ॅपची वेळ भारतीय आहे आणि पोस्टग्रेसची यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), त्यामुळे दरवेळी साडेपाच तासांचा हिशोब करावा लागतो. जावाचं एक्सेप्शन (बिघाडाची नोंद) पन्नास-साठ ओळींचं असतं, ग्रेपला त्यातली एकच ओळ सापडते. आणि एकाच सेकंदात कितीतरी दुकानांच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात.

एलास्टिकसर्च (लॉग साठवून शोधणारा सर्व्हर) आणि किबाना (ते पडद्यावर दाखवणारं साधन) बसवा असा सल्ला मिळालाय, पण सर्व्हर ८ जीबी रॅमचे आहेत. शिवाय लॉगमध्ये शेतकऱ्यांचे खाते क्रमांक आहेत, ते बाहेरच्या क्लाउडवर पाठवायचे नाहीत. काय वापरू? की आधी लॉग लिहायची पद्धतच बदलू?

गोदातीर, नांदेड

आधी पद्धत बदला, साधन नंतर. आवक गेटवर मिळालेल्या पावतीचा नंबर जसा मालासोबत काट्यापर्यंत जातो, तसा प्रत्येक रिक्वेस्टला (अ‍ॅपकडे येणाऱ्या मागणीला) एक नंबर हवा. एनजिनएक्समध्ये रिक्वेस्ट आयडी नावाचं व्हेरिएबल तयारच असतं. ते स्वतःच्या लॉगमध्ये लिहा आणि हेडरमधून अ‍ॅपला द्या. अ‍ॅपमध्ये एक फिल्टर लावून तो नंबर लॉगबॅक या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीच्या एमडीसीमध्ये (त्या रिक्वेस्टपुरत्या टिपणवहीत) ठेवा, म्हणजे त्या रिक्वेस्टच्या प्रत्येक ओळीवर तो आपोआप छापला जाईल. नव्या थ्रेडवर (अ‍ॅपच्या आत समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर) काम गेलं तर एमडीसी आपोआप सोबत जात नाही, तेवढं बघा.

एनजिनएक्सच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये लागलेला वेळ नसतो. रिक्वेस्ट टाइम (एकूण वेळ) आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम (मागच्या अ‍ॅपने उत्तराला घेतलेला वेळ) दोन्ही जोडा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर वेळ मागे अ‍ॅपमध्ये जातोय. पहिला बराच मोठा असेल तर दुकानाच्या नेटकडे बघा.

पोस्टग्रेसचा लॉग टाइमझोन आशिया/कोलकाता करा आणि सगळ्या सर्व्हरवर क्रोनी (घड्याळ जुळवून ठेवणारा प्रोग्रॅम) चालू आहे ना ते तपासा. घड्याळं दोन सेकंदांनी जरी मागेपुढे असली तरी घटनांचा क्रम उलटा दिसतो.

बालाघाट, अंबाजोगाई

गोदातीर म्हणतात ते बरोबर, पण यांचं आज अडलंय. हातात आहेत त्याच लॉगवर काम करायचं तर एलएनएव्ही हा लॉग बघायचा प्रोग्रॅम घ्या. टर्मिनलमध्येच चालतो, वेगळा सर्व्हर लागत नाही. तिन्हीकडच्या फाईली एका ठिकाणी आणून उघडा, तो वेळेप्रमाणे एकत्र लावून दाखवतो. झिप केलेल्या फाईलीही वाचतो आणि एक्सेप्शनच्या खालच्या ओळी मूळ ओळीला धरून ठेवतो. लॉगवर एसक्यूएलही (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) चालवता येतं, ही सोय मला फार मोलाची वाटते. एखादा फॉरमॅट त्याला ओळखता आला नाही तर आपण लिहून देऊ शकतो.

दुसरं, नुसत्या एरर शोधू नका. दुपारच्या अडचणीच्या वेळचा एक तुकडा घ्या आणि सकाळच्या शांत वेळचा एक. सेड या कमांडने ओळींतली वेळ आणि आकडे काढून तिथे एकच खूण घाला, मग सॉर्ट आणि युनिक या कमांडनी कोणती ओळ किती वेळा आली ते मोजा. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. दुपारच्याच यादीत असलेली किंवा तिथे एकदम फुगलेली ओळ बघा. बहुतेक वेळा ती साधी इन्फो (माहिती) किंवा वॉर्न (इशारा) पातळीची असते, त्यामुळे "एरर" शोधून ती कधीच सापडत नाही.

एनजिनएक्समध्ये ४९९ हा कोड किती वेळा आलाय तेही मोजा. उत्तर यायच्या आत समोरच्याने कनेक्शन तोडलं की तो कोड पडतो. तुमच्या दुहेरी पट्ट्यांचा माग तिथे लागेल.

पूर्णाकाठ, परभणी

एलास्टिकसर्च वाईट नाही, पण तो लॉगच्या मजकुराचा इंडेक्स (शोधसूची) बांधतो आणि त्याला रॅम भरपूर लागते. डेटाबेसच्या ८ जीबी मशीनवर तो मुळीच बसवू नका. पुढे कायमची सोय करायची झाली तर वेगळ्या मशीनवर ग्राफाना लोकी हा लॉग साठवणारा सर्व्हर ठेवा. तो फक्त लेबलांचा इंडेक्स करतो, म्हणून हलका पडतो. मात्र पट्टी नंबर किंवा रिक्वेस्ट आयडी यांना लेबल करू नका, नाहीतर लाखो बारीक तुकडे होऊन तोही गुदमरेल. लेबल म्हणजे सर्व्हरचं नाव, अ‍ॅपचं नाव, एवढंच. लॉग पाठवायला प्रॉमटेलऐवजी अलॉय घ्या.

आजच्या दुखण्याला मात्र पोस्टग्रेसलाच बोलतं करा. लॉग लॉक वेट्स ही सेटिंग चालू करा. लॉक म्हणजे एकाचं काम होईपर्यंत इतरांना थांबवणारं कुलूप. कोणी १ सेकंदापेक्षा जास्त लॉकसाठी थांबलं तर कोणती प्रोसेस कोणासाठी थांबली ते तो लिहून ठेवतो. जोडीला ५०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त चालणाऱ्या क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) लिहायला लावा. दिवसाअखेर पीजीबॅजर हा पोस्टग्रेसचे लॉग वाचणारा प्रोग्रॅम चालवलात तर नीट अहवाल मिळतो.

मांजराकाठ, लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. कारण सापडलं.

दोन याद्या शेजारी ठेवल्यावर दुपारच्या यादीत हिकारीची (अ‍ॅपला डेटाबेसची कनेक्शन वाटून देणाऱ्या लायब्ररीची) ओळ वर आली: कनेक्शन उपलब्ध नाही, ३०,००० मिलिसेकंदांनंतर सोडून दिलं. मुनीम म्हणतात ते अर्धं मिनिट ते हेच. लॉक वेट्स चालू केल्यावर पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये ओळीमागून ओळ, आणि सगळ्या एकाच टेबलसाठी थांबलेल्या. पुढचा पट्टी नंबर आम्ही एका ओळीतून उचलतो. ती ओळ लॉक होते, पट्टी सेव्ह होते, आणि त्याच ट्रान्झॅक्शनच्या (एकदमच पक्क्या होणाऱ्या व्यवहाराच्या) आत मेसेजवाल्या कंपनीच्या सर्व्हरला कॉल जातो. तिकडून उत्तर यायला चार सेकंद लागले की लॉकही चार सेकंद धरलेला राहतो. हिकारीच्या पूलमध्ये (तयार ठेवलेल्या साठ्यात) कनेक्शन १० च, ती सगळी त्या एका ओळीसाठी रांगेत, आणि अकरावा मुनीम कनेक्शनचीच वाट बघतो.

मेसेज पाठवणं कमिटनंतर (व्यवहार पक्का झाल्यावर) नेलं. आज सौद्यानंतर हिकारीची ती ओळ एकदाही दिसली नाही. दुहेरी पट्टीसाठी प्रत्येक फॉर्मला एक खास किल्ली देऊन टेबलवर युनिक बंधन (तीच किल्ली दोनदा येऊ न देणारं) घालतोय. रिक्वेस्ट आयडीचं काम याच आठवड्यात लावतो.

आता एकच प्रश्न उरलाय. लॉग किती दिवस ठेवायचे, आणि त्यातल्या खाते क्रमांकांचं काय करू?

गोदातीर, नांदेड

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि ते कंपन्यांनाही लागू आहेत. स्प्रिंग बूटचा मुळातला ठरलेला हिशोब ७ दिवसांचा असतो, तो वाढवा, आणि जागेसाठी लॉगरोटेट या जुने लॉग आवरणाऱ्या प्रोग्रॅमने पोस्टग्रेसच्या जुन्या फाईली झिप करत चला.

खाते क्रमांक लिहितानाच झाका, शेवटचे चार अंक पुरेत. विशेषतः जिथे आख्खा ऑब्जेक्ट (एका नोंदीची सगळी माहिती) लॉगमध्ये छापला जातो त्या जागा शोधा, क्रमांक तिथूनच बाहेर पडतात. आणि आधीच्या झिप फाईलींमध्ये ते उघडेच आहेत, तेव्हा त्या फोल्डरच्या परवानग्या आजच आवळा.