मायक्रोब्रुअरीत बिअर चाखताना नेमके काय पाहावे?

मोंढेकर, लातूर
नमस्कार. लातूरच्या मोंढ्यात आमची आडत आहे आणि तूर, हरभरा, सोयाबीन, धने असा माल पारखण्यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत. पुढच्या महिन्यात भाच्याकडे पुण्याला जाणार आहे. तिथे तो मला एका मायक्रोब्रुअरीच्या टॅपरूममध्ये नेणार असून, जागेवरच तयार होणारी पाच-सहा प्रकारची बिअर छोट्या ग्लासांतून चाखायला मिळते, असे त्याचे म्हणणे आहे. बाटलीतली बिअर मी क्वचित घेतली आहे आणि ती थंड व कडवट असते, यापलीकडे तिच्यातले मला काही कळलेले नाही. धान्याची मूठ हाती आली की दाणा दाताखाली फोडून ओल किती आहे, हे मी सांगू शकतो. बिअरची पारख अशी कशावरून करतात, कोणत्या क्रमाने चाखावे आणि बनवणाऱ्याला काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वाळूजकर, छत्रपती संभाजीनगर
वाळूजच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षे काम केले आहे. आपण दाण्यापासूनच सुरुवात करावी, कारण बिअरची निम्मी गोष्ट दाण्यातच असते. बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि मोड पुरेसा आला की गरम हवेत वाळवून त्याची वाढ थांबवतात, हाच माल्ट. मोड येताना दाण्यात जी विकरे (एन्झाइम्स) तयार होतात, ती पुढे साधारण ६५ अंशांच्या पाण्यात दाण्यातल्या पिष्टाची साखर करतात, आणि त्या साखरेवर यीस्ट जगते. टॅपरूममध्ये माल्टचे नमुने ठेवलेले असतील तर मागून घ्या आणि सवयीप्रमाणे दाताखाली फोडा. फिकट माल्ट बिस्किटासारखा गोडसर लागतो, तर काळपट भाजलेला कॉफीसारखा. तीच चव नंतर ग्लासात शोधायची.

आमच्या कारखान्यात मुख्यतः लागर होत असे. तिचे यीस्ट साधारण ८ ते १३ अंशांच्या थंडाव्यात संथपणे काम करते, नंतर बिअर गाळून पाश्चराइझ करतात, आणि वर्षभर प्रत्येक बाटलीची चव एकसारखी यावी यासाठी आमची सारी धडपड असे. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे. छोट्या ठिकाणी मात्र एल प्रकार अधिक असतात. ते १५ ते २२ अंशांच्या आसपास आंबतात आणि त्या उबेत यीस्ट फळांसारखे सुगंध तयार करते. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण तिच्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. तो वास केवळ यीस्टचा असतो.

गोदाकाठ, मूळ नांदेड, सध्या पुणे
वाळूजकरांनी घडण सांगितली आहे, म्हणून मी चाखण्याविषयी लिहिते. महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची सुरुवात २००९ साली पुण्यातच डूलालीपासून झाली आणि आता इथे निवड भरपूर आहे. तरीही एका बैठकीत पाच नमुन्यांच्या पुढे जाऊ नये, कारण त्यानंतर जीभ फरक सांगत नाही. फिकट आणि हलक्यापासून आरंभ करावा: आधी लागर किंवा गव्हाची, मग पेल एल, त्यानंतर हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा ठळक असलेली आयपीए (इंडिया पेल एल) आणि शेवटी काळी स्टाउट. आयपीए आधी घेतली तर तिचा कडूपणा जिभेवर बसतो आणि पुढची गव्हाची बिअर पाण्यासारखी लागते. ही चूक मी स्वतः केली आहे.

प्रत्येक वेळी आधी फेस पाहावा, मग वास घ्यावा आणि त्यानंतर घोट घ्यावा. फेस लगेच विरत असेल तर पुष्कळदा दोष ग्लासाला राहिलेल्या साबणाचा किंवा तेलकटपणाचा असतो. व्हिनेगरसारखा आंबट किंवा वितळलेल्या लोण्यासारखा वास नको तिथे आला, तर नळ्यांची स्वच्छता नीट झालेली नसण्याची शक्यता असते, आणि तसे नम्रपणे विचारण्यात काहीही गैर नाही. बर्फगार बिअरचा वास दबून राहतो, म्हणून स्टाउट थोडा वेळ टेबलावर ठेवून मग घ्यावी. शेंगदाण्याचा ठेचा किंवा तिखट चखणा शेवटच्या ग्लासापर्यंत लांब ठेवा; मध्ये साधे पाणी पुरे. आणखी एक हिशेब ध्यानात असू द्या: शंभर मिलिलिटरचे सहा ग्लास म्हणजे जवळजवळ ६५० मिलिलिटरची एक बाटलीच होते, तेव्हा भाच्याने गाडी घरी ठेवलेली बरी.

पैठणकर
पाण्याविषयी अवश्य विचारा. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेन शहराचे पाणी अतिशय मृदू होते आणि १८४२ साली तिथे निघालेल्या सोनेरी लागरच्या नितळ चवीत त्याचा मोठा वाटा आहे; उलट इंग्लंडमधल्या बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्याने हॉप्सचा कडवटपणा खुलतो. आपल्यासाठी हा प्रश्न चवीपुरता नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून एक लिटर बिअरमागे किती पाणी लागते आणि धुण्याचे पाणी पुन्हा वापरतात का, हे मी तरी प्रत्येक ठिकाणी विचारतो.

मोंढेकर, लातूर
सर्वांचा मनापासून आभारी आहे. मागच्या शनिवारी जाऊन आलो. ताईंनी सांगितलेला क्रम पाळला आणि पाच नमुन्यांवर थांबलो. पैठणकरांचा प्रश्नही विचारला. एका लिटरमागे सहा-सात लिटर पाणी जाते, असे बनवणाऱ्याने मोकळेपणाने सांगितले आणि टाक्या धुतलेल्या पाण्याने फरशी धुतात, तेही दाखवले. स्टाउट माझ्या पसंतीस उतरली नाही. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचा ग्लास नाकाशी नेताच मात्र मी भाच्याला म्हणालो, "यात धने आहेत." बनवणाऱ्याला विचारले तेव्हा त्याने हसून मान डोलावली, उकळी संपत येताना भरड धने आणि संत्र्याची साल घालतात, असे त्याने सांगितले. त्याच्या डब्यातले धने मी तळहातावर घेऊन चुरडले. ते जुने होते आणि त्यांचा वास निम्मा उडालेला होता, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. त्याने राग न मानता चांगल्या मालाचा नमुना मागितला. यंदाच्या हिरवट, न फुटलेल्या धन्यांचा अर्धा किलोचा पुडा मी काल पाठवला आहे. त्याची बिअर निघाली की भाच्याला चाखायला पाठवून काय फरक पडला, ते इथेच कळवीन.